कट मारल्याचे गुण

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंड भागात विशी न ओलांडलेला एखादा मुलगा बाईकच्या अपघातात गेला, की दशक्रियेच्या घाटावर एक वाक्य हमखास कानावर येते. "मोबाईलवर त्या गाड्यांचे गेम खेळून पोरं अशी गाडी मारायला लागलीत." बोलणाऱ्याच्या पोटात तुटत असते आणि दोष कुठेतरी ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. रस्त्याला ठेवून झालेला असतो, गाडी घेऊन देणाऱ्या बापाला त्या दिवशी कुणी बोलू शकत नाही, मग उरतो तो मोबाईल.

हे वाक्य नीट तपासून पाहायला हवे. खरे असेल तर घरोघरी काहीतरी करता येईल. खोटे असेल तर खरे कारण त्याच्या आड लपते आहे. माझ्या मते ते खरे आहे, पण म्हणणाऱ्याला वाटते त्या अर्थाने नाही.

तक्रार तशी मोबाईलहून जुनी आहे. १९७६ साली अमेरिकेत एक्सिडी या कंपनीने 'डेथ रेस' नावाचा गेम बाजारात आणला. नाणे टाकायचे, स्टिअरिंग धरायचे आणि पडद्यावर पळणाऱ्या काड्यांसारख्या आकृत्यांना गाडीखाली घ्यायचे. कंपनी म्हणे, ती भुते आहेत. पाहणाऱ्याला ती माणसेच दिसत. तिथल्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलने जाहीर निषेध केला, वर्तमानपत्रांत रान उठले. व्हिडिओ गेमवरून झालेला हा पहिला मोठा गदारोळ, आणि तो गाडी चालवण्यावरूनच झाला. १९९१ मध्ये 'रोड रॅश' आला. बाईकवरून जाताना शेजारच्याला लाथ मारून, साखळीने हाणून पाडायचे असा तो खेळ. आपल्याकडे तालुक्याच्या गावी सायबर कॅफे निघाले तेव्हा फॉर्म भरायला आलेली पोरे उरलेला वेळ याच गेमवर काढत. पण तेव्हा तासाचे पैसे मोजावे लागत. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, फोन प्रत्येकाच्या खिशात आला आणि खेळायला ना जागा लागली ना पैसे. एमआयडीसीची बस येईपर्यंत, पाणी भरायला लावलेला वाफा भरेपर्यंत, दौंड स्टेशनवर गाडी येईपर्यंत एक डाव होऊन जातो.

यातला एक गेम जवळून पाहू, कारण सगळे उत्तर त्याच्या नियमांत दडलेले आहे. 'ट्रॅफिक रायडर' नावाचा हा गेम २०१६ चा, एका तुर्की माणसाने बनवलेला, आणि आपल्याकडच्या असंख्य फोनमध्ये आजही आहे. खेळणारा थेट हँडलच्या मागे बसलेला दिसतो. समोर हातमोजे घातलेले दोन हात, मधोमध स्पीडोमीटर, पुढे वाहत येणारा रस्ता. त्यात गुण कशाचे मिळतात, ते गेम स्वतःच सांगतो. जितका वेग जास्त तितके गुण जास्त. ताशी १०० किलोमीटरच्या वर असताना दुसऱ्या गाडीला अगदी घासून ओव्हरटेक केले तर वेगळे गुण आणि पैसे. दुहेरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर, म्हणजे उलट्या बाजूने चालवले तर आणखी. पुढचे चाक उचलून व्हीली मारली तर त्याचेही. या पैशांतून मोठी बाईक घ्यायची आणि पुन्हा तेच.

आता मोटार वाहन कायदा काढा. कलम १८३ वेगमर्यादा ओलांडण्याबद्दल आहे. कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात नियम मोडून केलेले ओव्हरटेक आणि वाहतुकीच्या उलट दिशेने चालवणे ही दोन्ही नावे घेऊन घातली आहेत. कलम १८९ रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दल, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. कायद्याने ज्याला शिक्षा ठेवली, गेमने नेमके त्याला बक्षीस ठेवले आहे. हे जुळणे योगायोगाचे नाही. थरार जिथे मरणाच्या जवळ जातो तिथेच तो विकला जातो, आणि कायदाही मरणाच्या जवळची ती जागा पाहूनच लिहिला जातो.

या बक्षिसाचा माणसावर काय परिणाम होतो, हे म्युनिकमधल्या मानसशास्त्रज्ञांनी पद्धतशीर तपासले. पीटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पहिला शोधनिबंध २००७ सालचा. त्यात तीन पायऱ्या होत्या. आधी त्यांनी लोकांना नुसते विचारले, रेसिंगचे गेम किती खेळता आणि गाडी कशी चालवता. जास्त खेळणारे जास्त चढाओढीने चालवत होते, त्यांचे अपघातही जास्त होते. यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. मुळात धाडसी असलेला मुलगा गेमही तसाच निवडणार आणि गाडीही तशीच चालवणार. म्हणून दुसऱ्या पायरीला त्यांनी निवड खेळणाऱ्याच्या हातात ठेवली नाही. काही विद्यार्थ्यांना रेसिंगचा गेम दिला, काहींना फुटबॉलसारखा साधा. रेसिंगवाल्यांच्या मनात नंतर धोक्याबद्दलचे विचार चटकन आणि सुखद रंगाने येत होते. तिसऱ्या पायरीला त्यांनी खेळून झालेल्यांना रस्त्यावरच्या प्रसंगांचे व्हिडिओ दाखवले. समोरून गाडी येत असताना ओव्हरटेक करायचे आहे, कुठपर्यंत दम धराल आणि कुठे बेत सोडाल, ते बटण दाबून सांगायचे. रेसिंगचा गेम खेळलेल्या तरुण पुरुषांनी बटण उशिरा दाबले.

माझ्या दृष्टीने याहून मोलाचा आहे तो २००९ चा पुढचा अभ्यास. तिथे त्यांनी विचारले, हे का होते? उत्तर असे निघाले की खेळता खेळता माणसाचे स्वतःबद्दलचे मत थोडे सरकते. "मी बेधडक चालवणारा आहे" हे वाक्य त्याला स्वतःचे वाटू लागते, आणि पुढच्या ओव्हरटेकला तो त्या वाक्याला जागतो. दोन अटीही सापडल्या. नियम मोडल्याचे बक्षीस देणाऱ्या गेमनेच हे घडते, नियम मोडल्याचे बक्षीस नसलेल्या रेसिंग गेमने घडत नाही. आणि स्वतः खेळणाऱ्यालाच घडते, शेजारी बसून पाहणाऱ्याला नाही. म्हणजे परिणाम गाड्यांच्या चित्रांचा नाही, वेगाच्या दृश्याचाही नाही. आपल्या हाताने कट मारला आणि त्याचे गुण मिळाले, या अनुभवाचा आहे.

प्रयोगशाळेत खेळून उठल्यावर लगेच काय होते, हे कळले. दोन वर्षांनी काय होते? बेल्जियममध्ये कॅथलीन ब्यूलेन्स आणि सहकाऱ्यांनी मुलांना लायसन्स मिळण्यापूर्वी एकदा गाठले आणि पुन्हा ती गाडी चालवू लागल्यावर. आधी जी मुले गाड्यांचे गेम जास्त खेळत होती, ती पुढे रस्त्यावर जास्त धोका पत्करत होती. रस्त्यावर धोका पत्करण्याबद्दलची त्यांची वृत्ती आणि इरादे यांतून हा संबंध जात होता. अमेरिकेत जे हल आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांवर किशोरांचा काही वर्षे दूरध्वनीवरून मागोवा घेतला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'सारखे गेम खेळणाऱ्यांत बेफाम चालवणे वाढत गेले, आणि मुलांच्या स्वभावातली बंडखोरी व थराराची भूक वाढण्यातून ते वाढले.

एवढे वाचून मोबाईल फोडायला निघणाऱ्यांनी जरा थांबावे. हे सगळे परिणाम लहान आहेत. प्रयोगातले बटण म्हणजे रस्ता नव्हे. मागोव्याच्या अभ्यासांत मुले स्वतःच्या चालवण्याबद्दल स्वतःच सांगत होती. आणि एक ढोबळ कसोटी तर फार बोलकी आहे. जर्मनीत, जिथे पहिला अभ्यास झाला, १९९१ साली रस्त्यांवर सुमारे ११,३०० माणसे मेली. २०१९ साली ३,०४६. मधल्या अठ्ठावीस वर्षांत तिथल्या मुलांनी जन्मात खेळले नव्हते इतके रेसिंग खेळले, तरी मृत्यू जवळजवळ पाऊण हिश्श्याने कमी झाले. रस्ता, गाडी, पट्टा, दारूची तपासणी आणि शिकवणे यांचे वजन गेमपेक्षा कितीतरी जास्त आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये देशभर १,६८,४९१ माणसे रस्त्यावर गेली, महाराष्ट्रात १५,२२४. दुचाकीवर हेल्मेट नसल्याने ५०,०२९ जण गेले, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. डोक्यावर हेल्मेट नसण्याचा दोष कुठल्याच गेमला देता येणार नाही.

मग गेम हाताला काय शिकवतो? काहीतरी शिकवतो, हे मान्य केलेच पाहिजे. गेम खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळी जास्त गोष्टी टिपते, हे २००३ पासून वेगवेगळ्या प्रयोगांत दिसत आले आहे. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की 'मारिओ कार्ट'सारखा गाडीचा गेम पाच तास खेळलेल्या नवख्यांनाही गाडी रेषेत धरण्याचे काम आधीपेक्षा चांगले जमू लागते. वेल्सचा जॅन मार्डेनबरो हा मुलगा 'ग्रान टुरिझ्मो' खेळता खेळता २०११ मध्ये निस्सानची स्पर्धा जिंकला आणि खराखुरा रेसिंग ड्रायव्हर झाला, ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. त्याच मार्डेनबरोची गाडी मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर एका चढावर हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली आणि एक प्रेक्षक ठार झाला. तोवर तो व्यावसायिक शिक्षण घेतलेला, कडेकोट ट्रॅकवर चालवणारा ड्रायव्हर होता. हात तयार असणे आणि धोका आवाक्यात असणे, यांत एवढे अंतर राहते.

फोनवर तर हातही अर्धाच तयार होतो. वेग माणसाला कळतो तो बराचसा नजरेच्या कडांतून, कडेची झाडे-खांब मागे सरकण्यातून. तळहाताएवढ्या पडद्याला कडाच नाहीत. म्हणून गेम बनवणारे कडेचे चित्र पुसट करतात, कॅमेरा थरथरवतात, वाऱ्याचा आवाज सोडतात. डोळ्याला २०० चा आकडा दिसतो, अंगाला काहीच लागत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो अवयव आहे, त्याला तर आपण खाटेवर बसलो आहोत हे पक्के माहीत असते.

ब्रेकचे तसेच. पडद्यावर ब्रेक म्हणजे एक बटण, दाबले की थांबली. खऱ्या बाईकवर ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येते. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि तोच वाळूवर किंवा मुरमावर एकदम दाबला तर चाक जागच्या जागी अडते आणि गाडी आडवी होते. घोड आणि भीमेच्या काठच्या रस्त्यांवर डंपरमधून सांडलेली वाळू वळणावर पसरलेली असते, हे इथल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला माहीत आहे. वळायचेही फोन वेगळेच शिकवतो. डावीकडे जायचे तर फोन डावीकडे कलवा. खरी बाईक वेगात असताना डावीकडे वळवायची तर हँडलची डावी मूठ क्षणभर पुढे ढकलावी लागते, मग गाडी डावीकडे झुकते आणि वळते. रोज चालवणारा हे नकळत करतो. घाबरलेल्या क्षणी नवखा मात्र उलटे करतो.

हे सगळे एका खऱ्या रस्त्यावर ठेवून पाहू. शिरूरहून निघालेला रस्ता न्हावऱ्यावरून दक्षिणेला जातो, पारगावला भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरतो, केडगाव करून चौफुल्याला पुणे-सोलापूर हायवेला लागतो. एका टोकाला पुणे-नगर रस्ता आणि रांजणगावची एमआयडीसी, दुसऱ्या टोकाला सोलापूर हायवे आणि थोडे पुढे कुरकुंभची एमआयडीसी. दोन्ही बाजूंना ऊस. न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखाना, नदीपलीकडे पाटसला भीमा, आलेगावला दौंड शुगर. हिवाळ्यात गाळप सुरू झाले की या भागातले सगळे रस्ते ट्रॅक्टरचे होतात.

सायंकाळी साडेसहाचा सुमार. दिवस बुडालेला, अंधार पुरता पडलेला नाही. शेतात पाचट पेटवलेले, धूर रस्त्यावर आडवा आलेला. पुढे डबल ट्रॉली. ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना हात-हात उसाचे शेंडे आलेले, मागचा लाइट फुटलेला, रेडियमची पट्टी चिखलाखाली गेलेली किंवा लोंबत्या उसाआड झाकलेली. वर टेपवर गाणे मोठ्याने लावलेले, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. कधी टायर बसतो आणि ट्रॉली साइडपट्टीवर अर्धी, डांबरावर अर्धी अशी सोडून ट्रॅक्टर निघून जातो. मागे एखादा दगड ठेवलेला, बाभळीची फांदी टाकलेली, एवढीच खूण.

आता आकडे. बाईकचा डिपर दिवा काळवंडलेल्या ट्रॉलीचा आकार साधारण ४०-५० मीटरवर दाखवतो. दिसले, कळले आणि ब्रेकवर पाय गेला, यात सावध माणसाचाही दीड सेकंद जातो. ताशी ५० ने चालला असेल तर त्या दीड सेकंदात २१ मीटर जातात, कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तर थांबायला आणखी १६, एकूण ३७. ट्रॉलीच्या अलीकडे थांबला. ताशी ८० ने असेल तर विचारातच ३३ मीटर, थांबायला आणखी ४१, एकूण ७४. दिवा ५० मीटर दाखवतो आहे. म्हणजे ट्रॉली दिसण्याआधीच धडक ठरलेली आहे, हात कितीही तयार असले तरी. आणि तो वेग ५० च्या दीडपटीहून थोडाच जास्त असला तरी धडकेचा जोर अडीचपट आहे, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो.

गेममध्ये हा प्रसंगच येऊ शकत नाही. तिथे प्रत्येक गाडीला मागचा लाइट आहे, रात्रीच्या रस्त्यावरसुद्धा. रस्ता एकसारखा, कडा स्वच्छ, समोरची गाडी आपल्या लेनमध्ये इमानदारीने चालते. गाय नाही, फाट्यावर अचानक थांबणारी वडाप जीप नाही, शाळेची सायकल नाही. कट मारण्याचे कौशल्य अशा जगातले आहे जिथे बाकी सगळे नियम पाळतात. मुलगा जेव्हा "मी काढतो बरोबर" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याने हजारदा बरोबर काढलेली असते, फक्त अशा रस्त्यावर जिथे बिनलाइटची ट्रॉली कुणी ठेवलेलीच नव्हती.

इथे कुणी विचारेल, या भागात शर्यतीचे वेड गेमने आणले का? मुळीच नाही. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा प्रदेश. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हा गावोगाव भंडारा उधळला गेला. सेकंदाच्या तुकड्यावर 'घाटाचा राजा' ठरतो. पण ती शर्यत घाटात, म्हणजे तिच्यासाठी ठरलेल्या धावपट्टीवर होते. पुढे घोडी, मागे गाडा, दोन्हीकडे माणसे, बारी संपली की संपली. गाडामालक संध्याकाळी बैल पिकअपमध्ये घालून घरी निघतो तेव्हा हळू चालवतो, बैलांना हिसका बसू नये म्हणून. घाटाची हद्द त्याला कुणी शिकवावी लागत नाही, कारण थोरल्यांबरोबर घाटात उभे राहूनच तो ती शिकलेला असतो. फोनवरच्या शर्यतीला शेजारी कुणी थोरला उभा नसतो, आणि तिचा घाट दिसायला थेट आपल्या हायवेसारखाच असतो.

म्हणून माझे बोट गेमपेक्षा त्याच्या आजूबाजूच्या पोकळीकडे जाते. इथे गाडी शिकतात कशी? बारा-तेरा वर्षांचा मुलगा शेतात ट्रॅक्टर सरळ तासात चालवतो, घरच्यांना कौतुक वाटते. पंधराव्या वर्षी चुलत्याची बाईक डेअरीपर्यंत, दूध घालायला. सोळाव्या वर्षी कॉलेजला, शिरूरच्या किंवा दौंडच्या. क्लच कसा सोडायचा ते कुणीतरी पाच मिनिटांत सांगितलेले असते. अंधारात किती वेगाने जायचे, ओव्हरटेकला किती रस्ता मोकळा लागतो, वाळूवर कुठला ब्रेक धरायचा, हे कुणीच सांगितलेले नसते. अठराव्या वर्षी लायसन्स काढताना संगणकावर चिन्हे ओळखायची आणि मैदानात आठचा आकडा काढायचा. कायदा कडक आहे. २०१९ पासून कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले तेव्हा हे कलम जिल्हाभर चर्चेत आले. चार आठवडे चावी घरात लपली. पुढच्या महिन्यात दूध पुन्हा बाईकवरूनच गेले.

ज्याला रस्त्याबद्दल कुणी काहीच सांगितले नाही, त्याच्यासाठी गेमच पहिला शिक्षक होतो. म्युनिकच्या मुलांनाही गेमने बेधडक बनवले, पण त्यांना सक्तीने तासन्‌तास ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बसून, कडक परीक्षा देऊन रस्त्यावर यावे लागते. "मी बेधडक आहे" या वाक्याला तिथे उत्तर देणारे दुसरे कुणीतरी असते. आपल्या मुलाच्या डोक्यात ते वाक्य एकटेच असते.

दौंडला याची दुसरी बाजू रोज पाहायला मिळते. हे रेल्वेचे गाव. मनमाडची लाइन १८७८ मध्ये इथून निघाली, तेव्हापासून घराघरात कुणीतरी रेल्वेत. इंजिन चालवणाऱ्यांना रेल्वे सिम्युलेटरवर, म्हणजे एका अर्थाने गेमवरच शिकवते. तिथे गुण कशाचे? सिग्नल पाळल्याचे, वेगमर्यादेत राहिल्याचे, ठरल्या जागी थांबवल्याचे. लाल सिग्नल ओलांडला की सगळे संपले. खऱ्या इंजिनात बसल्यावर लोको पायलट आणि त्याचा सहायक पुढच्या सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात, दोघांनाही तो स्पष्ट दिसत असला तरी. पडद्यावर चालवून माणूस बिघडतो असे असते तर इंजिनवाले सगळ्यात आधी बिघडले असते. चेन्नईच्या एका कंपनीचा 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर' मुले आवडीने खेळतात. स्टेशनात गाडी नेमकी उभी करण्यातही त्यांना तितकीच मजा येते, हे मला फार आशेचे वाटते. मुलांना थरार हवा असतो, तो फक्त कट मारण्यातच मिळतो असे नाही.

ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून हाच धागा लायसन्सच्या परीक्षेत घेतला. तिथे उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात. आपण चालवत आहोत असे समजायचे आणि धोका उमलू लागताच बटण दाबायचे. लवकर ओळखला तर पाच गुण, उशीर होईल तसे चार, तीन, दोन, एक. नुसते भराभर बटण दाबत बसणाऱ्याला शून्य. एका फितीत दोन धोके असतात, म्हणून कुणी पहिल्यावर निर्धास्त होत नाही. एकूण ७५ पैकी कारसाठी ४४ मिळाले तर पास. म्युनिकच्या प्रयोगात मुलांनी जे बटण उशिरा दाबले, तेच इथे लवकर दाबल्याचे गुण मिळतात.

अशा फिती आपल्या रस्त्यांच्या करायला फार खर्च नाही, एक कॅमेरा आणि दोन हंगाम पुरतात. न्हावरे-चौफुला रस्त्यावर पाचटाच्या धुरात उभी बिनलाइटची ट्रॉली. पारगावच्या पुलाकडे जाताना वळणावर सांडलेली वाळू. पाटसच्या टोलनाक्यापुढे उलट्या बाजूने येणारी बाईक. रांजणगावला शिफ्ट सुटल्यावर बसच्या पुढून पळत येणारा कामगार. केडगावला फाट्यावर थांबलेली एसटी आणि तिच्या मागून डोकावणारी शाळकरी मुलगी. शिकाऊ लायसन्सच्या संगणकावर आज जिथे 'पुढे वळण आहे'चे चिन्ह दाखवतात, तिथे या फिती लावता येतील. आणि कॉलेजच्या कट्ट्यावर फोनमध्ये आधीच आल्या तर मुले त्या एकमेकांशी पैज लावून खेळतील, कारण गुणांची चढाओढ त्यांना आवडतेच.